मालक आत, डबा बाहेर

मला पबमधून हाकललं असतं तर निदान सांगायला किस्सा तरी झाला असता. प्यायलो, जास्त बडबडलो, दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं, वगैरे. पण तसं काही झालं नाही. मी आत गेलो, नीट बसलो, जेवलो, बिलात वाटा दिला. बाहेर कुणाला ठेवलं तर माझ्या डब्याला. स्टीलचा, कडीचा, तळाला कुणाच्यातरी मुंजीची तारीख कोरलेला डबा, आणि आत पाऊणेक किलो श्रीखंड. अशा निरुपद्रवी वस्तूला जेरुसलेममध्ये दारात अडवतात, आणि अडवणारे वर माझ्याकडेच असं बघतात की मी गावठी पिस्तूल घेऊन आलोय.

पार्श्वभूमी पटकन सांगून टाकतो. ऑफिसच्या कामासाठी इकडे आलोय, हार होत्झविम म्हणून आयटी पार्क आहे तिथे. एक जुना मित्र इथे पोस्टडॉक करतोय, फ्रेंच हिलला राहतो. पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. निघताना वहिनींनी उरलेलं श्रीखंड डब्यात भरून दिलं आणि "डबा परत आण" हे तीनदा सांगितलं. त्याच संध्याकाळी टीम डिनर, ते महाने येहुदा बाजारात. ट्राम फ्रेंच हिलकडून थेट बाजाराच्या तोंडाशी सोडते, मध्ये हॉटेलवर जाऊन डबा ठेवायला वेळ नव्हता. एवढंच.

आता महाने येहुदा. दिवसा ही शहराची मंडई. गल्ल्यांना नावंही फळांची, सफरचंद गल्ली, बदाम गल्ली, अक्रोड गल्ली, पीच गल्ली. ऑलिव्हच्या बादल्या, हलव्याचे ढीग, मासे, मसाले, आणि या सगळ्यातून ढोपरं मारत चालणाऱ्या म्हाताऱ्या. रात्री दुकानांची शटर पडतात आणि त्याच गल्ल्यांमध्ये पबची टेबलं लागतात. शटरांवर चित्रं आहेत, मोठमोठे चेहरे, रब्बी, पुढारी, कवी. ती बहुतेक सगळी सोलोमन सूझा नावाच्या पोरानं स्प्रे पेंटनं काढलेली, २०१५ पासून, रात्री दुकानं बंद झाल्यावर. आणि हा सोलोमन म्हणजे आपल्या गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या एफ. एन. सूझांचा नातू! हे मी टीममधल्या सगळ्यांना सांगितलं. कुणालाही फरक पडला नाही. त्यांना भूक लागली होती.

आमची जागा म्हणजे ग्रिल आणि क्राफ्ट बिअर. एका बाजूला निखारे, दुसऱ्या बाजूला बिअरच्या नळांची रांग, भिंतीवर फ्रेममध्ये कोशर सर्टिफिकेट (म्हणजे इथलं जेवण ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे आहे याचा दाखला), दारात एक पोरगी. नाकात रिंग, अर्धे केस हिरवे, दोन्ही हातांवर मनगटापर्यंत टॅटू. म्हटलं चला, ही काही जुन्या वळणाची दिसत नाही.

"पिशवीत काय आहे?"

"स्वीट."

"दूध आहे त्यात?"

"दूध नाही, दह्याचं आहे," मी म्हटलं आणि आत पाऊल टाकलं.

तिनं हात आडवा घातला आणि आत हाक मारली. आतून एक दाढीवाला माणूस आला, पांढरा शर्ट, खिशाला छोटी टॉर्च. हा माशगियाख. म्हणजे किचन धर्माप्रमाणे चालतंय की नाही हे बघायला नेमलेला माणूस. टॉर्च कशाला तर कोथिंबीर-लेट्यूसच्या पानांत किडा आहे का बघायला. चूल पेटवायची तीही यानंच, कारण स्वयंपाकी कुणीही चालतो पण अग्नी ज्यू माणसाच्या हातचा लागतो. तर हा माणूस माझ्या डब्यापासून दोन हात लांब उभा राहिला आणि मी एकेक पर्याय मांडत गेलो. बॅगेत ठेवतो, उघडणार नाही. नाही. टेबलाखाली पायात धरून बसतो. नाही. बरं मग तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा. यावर तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की हा पर्याय सगळ्यात वाईट होता.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. मांस आणि दूध एकत्र नाही. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका, असं तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीन वेळा आलंय. आणि तीन वेळा आलंय म्हटल्यावर त्यातून एवढं मोठं शास्त्र निघालं, वेगळी भांडी, वेगळी घासणी, वेगळं सिंक, अख्खी हॉटेलंच वेगळी, मांसाची ती बसरी आणि दुधाची ती खलवी. (वहिनींनीही डब्याचं तीनदाच सांगितलं होतं, त्यामुळे तीनदा सांगण्यात काय वजन असतं हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) शिवाय बाहेरचं घरगुती काहीही आत चालत नाही. हे सगळं मान्य. पण झाकण लावलेला, कडी घातलेला डबा? त्यातून श्रीखंड काय वाफ होऊन कबाबावर जाऊन बसणार होतं?

"माझं मनावर घेऊ नकोस हं," हिरव्या केसांची पोरगी म्हणाली, "मी स्वतः तेल अवीवला गेले की चीजबर्गर खाते. पण सर्टिफिकेट गेलं तर इथलं अर्धं गिऱ्हाईक गेलं."

म्हणजे अडवणारीचाही विश्वास नाही आणि अडलेल्याचाही नाही, आणि तरी डबा बाहेर. हा प्रकार कुठेतरी ओळखीचा वाटतोय ना? मलाही वाटला.

टीम आत जाऊन बसली. मॅनेजर काचेतून हातवारे करतोय, ये ये. मी डबा घेऊन गल्लीत. आजूबाजूला मांजरं. जेरुसलेममध्ये मांजरं इतकी आहेत की नगरपालिकेत त्यांचा एखादा प्रतिनिधी असायला हरकत नाही. शेजारच्या बंद दुकानाच्या शटरवर कुणा जाड दाढीच्या रब्बीचं चित्र, त्याच्या कडीला डबा अडकवावा का असा विचार करत होतो, तेवढ्यात मागून आवाज.

"अरे ठेव इकडे तो. मी बघतो."

मराठीत! मी वळून बघितलं. शेजारी मसाल्याचं दुकान, अर्धं शटर खाली, बाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक आजोबा. स्वेटर, डोक्याला किप्पा म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, समोर पालथ्या क्रेटवर शेशबेशचा पट. म्हणजे बॅकगॅमन, इथले म्हातारे रात्रंदिवस तेच खेळतात.

"कुठचा तू?"

"पुण्याचा."

"पुण्याचा म्हंजे पुण्याचाच, का पुण्यात राहतोस?"

"मूळ साताऱ्याचे आम्ही."

"मग तसं बोल की." हे मिटल्यावर त्यांनी स्वतःचं सांगितलं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, अलिबागजवळचं गाव, सात वर्षांचे असताना आईबापाबरोबर इकडे आले. राहतात लोदला, मुलगी दिली ती कुर्दी घरात, हे दुकान जावयाचं. जावई चांगला आहे पण हिशोबाला कच्चा, म्हणून गल्ला मोजायला सासऱ्याला यावं लागतं. एवढं सगळं मी डबा हातात धरून ऐकलं. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"काय आहे यात?"

"श्रीखंड."

आजोबांनी हातातली सोंगटी पटावर ठेवली.

"वेलची आहे?"

"आहे."

"केशर?"

"आहे थोडं."

"जायफळ?"

"असेल."

"असेल काय? खाल्लंस ना दुपारी? जायफळ कळत नाय तुला?" समोरच्या माणसाला हिब्रूत काहीतरी सांगितलं, दोघांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. "उघड."

मी कडी काढली, झाकण उचललं. पबच्या दारातून माशगियाख बघतोच आहे. आजोबांनी डोळे मिटून असा काही वास घेतला की मला वाटलं आता बोट घालणार. पण त्यांनी घड्याळ बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"साडेचारला मेओराव खाल्लं. का खाल्लं मी? भूक पण नव्हती. जावयानं आणलं म्हणून खाल्लं."

मेओराव येरुशाल्मी म्हणजे या बाजाराची खासियत, कोंबडीची काळजं, कलेजी, स्प्लीन असं सगळं कांद्याबरोबर तव्यावर परतून पिटामध्ये भरतात. पलीकडच्या अग्रिपास रस्त्यावर हे प्रकरण जन्माला आलं म्हणतात. तर मांस खाल्लं की दुधाला सहा तास शिवायचं नाही. साडेचार आणि सहा, साडेदहा.

"तू बाहेर कधी येणार?"

"दहा, सव्वादहा."

"साडेदहाला ये. घाई नको करू. आरामात जेव." आणि मग मला जाऊ द्यायच्या आधी उलटतपासणी सुरू झाली, ती अशी की वकिलानं अशील सुटावा म्हणून स्वतःच साक्षीदाराला उत्तरं पुरवावीत.

"चक्का कशाचा?"

"लाबानेचा, इथल्या घट्ट दह्याचा. सुपरमार्केटमधली."

"इथलंच सुपरमार्केट ना? म्हंजे लाबानेच्या डब्यावर कोशरचा शिक्का असणार. बेसेदेर, ठीक आहे. साखर, साखरेला काय, साखर चालतेच. शिजवलं कुणी?"

"श्रीखंड शिजवत नाहीत काका."

"माहितेय मला! विचारावं लागतं. शिजवलं असतं तर गॅस कुणी पेटवला ते आलं असतं. नाय शिजवलं, तो प्रश्नच मिटला. चाळणी?"

"काय चाळणी?"

"चक्का चाळणीतून काढला असणार ना. चाळणी कुठची? त्यातून मटणाचा रस्सा गाळला असला तर?"

"रस्सा कोण गाळतं?"

आजोबांनी विचार केला. "बरोबर. रस्सा कोण गाळतो. बेसेदेर." चाळणी पास झाली. मग डबा. डबा उलटा करून (श्रीखंड आत, माझा जीव वर) तळाचं नाव, तारीख, 'मुंजीप्रीत्यर्थ' सगळं अडखळत अडखळत मोठ्यानं वाचलं. देवनागरी वाचता येते याचा त्यांना भलताच अभिमान. घरात मराठी वाचणारे ते शेवटचेच, मुलीला बोलता येतं, नातवंडांना फक्त शिव्या. या डब्यात कधी मटण नेलं होतं का? मी म्हटलं मुंजीतला डबा आहे, सौजन्यानं वागा. हेही पास झालं.

मॅनेजरनं आता काचेवर टकटक केली. मी आत गेलो.

आतलं थोडक्यात. मांस उत्तम होतं. कोकराचे कबाब असे की बोलणं बंद व्हावं. बिअरही छान, बेत शेमेशच्या शपिरोची एक घेतली, मग पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेल्या अजून दोन-तीन. इथे टेबलावर एकानं ज्ञान दिलं की मिल्क स्टाउट नावाची बिअर असते, त्यात लॅक्टोज घालतात, ती या पबमध्ये मिळणं शक्य नाही. म्हणजे श्रीखंड एकटं नव्हतं, बिअरलाही दारात अडवतात. आणि साध्या बिअरचीही मजा बघा, बार्ली म्हणजे धान्य आंबवलेलं, त्यामुळे पेसाख या सणाच्या आठवड्यात तीही वर्ज्य. बहुतेक वर्षी पाडव्यानंतर साधारण पंधरा दिवसांत यांचा पेसाख येतो, तेव्हा दुकानांत बिअरच्या रॅकवर प्लॅस्टिक आणि कागद लावून ठेवतात. आज नळांची रांग मिरवणारा हाच पब पंधरा दिवसांनी बिअरचं नाव काढणार नाही. जरा बरं वाटलं. वेळ सगळ्यांची येते.

मग वाइनचं झालं. आमच्या टीममधला एक जण धार्मिक, शांत, सज्जन माणूस. त्यानं टेबलासाठी वाइनची बाटली मागवली. आपल्याकडची सवय, शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला म्हणून मी बाटलीकडे हात नेला. त्यानं अतिशय हळूच, हसतहसत, बाटली माझ्या हाताच्या टप्प्यातून बाहेर सरकवली आणि स्वतः ओतली. मला वाटलं पाहुणा म्हणून मान देतोय. नंतर दुसऱ्यानं सांगितलं की उघडी वाइन ज्यू नसलेल्या माणसानं ओतली तर ती त्याला पिता येत नाही. उकळलेली असली तर चालते, ही नव्हती. बिअरला हा नियम नाही. बिअरला मी कितीही हात लावू शकतो.

आता यावर खरं म्हणजे मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण माझी आजी सोवळ्यात असताना तिच्या वाऱ्यालाही उभं राहायची सोय नव्हती, आणि आजी तर घरातल्याच लोकांशी तशी वागायची. घराबाहेरच्यांना आपल्या लोकांनी पाण्याच्या बाबतीत पिढ्यानपिढ्या काय वागवलंय हे आठवलं आणि वाइनबद्दल तक्रार करायला तोंडच उरलं नाही. इथे निदान बाटली सरकवताना हसतात. तरी, खोटं कशाला बोलू, ती सरकलेली बाटली नंतर पूर्ण जेवणभर मला दिसत राहिली. मी तिच्याकडे बघून दोन बिअर जास्तच घेतल्या.

शेवटी कॉफी. दूध मागायचं नाही हे एव्हाना कळलं होतं. ओट्सचं दूध मिळेल म्हणाले. ओट्सच्या दुधाची कॉफी ज्यानं शोधली त्याच्याबद्दल मला वेगळं लिहायचंय.

सव्वादहाला बाहेर आलो. डबा स्टुलावर, स्टूल मध्ये, आणि त्याच्याभोवती आता तीन म्हातारे. शेशबेश बाजूला पडलेलं. पलीकडे भिंतीवर चार मांजरं रांगेत. माझ्या गैरहजेरीत मोठी चर्चा झाली होती असं दिसलं. एक मोरोक्कोचे आजोबा म्हणत होते की खाऊन टाक, पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो. दुसरे म्हणाले की जर्मनीचे ज्यू तीनच तास थांबतात. त्यावर पहिले म्हणाले, हॉलंडचे तर एकच तास.

"आपण डच नाय," आमच्या आजोबांनी मला मराठीत सांगितलं.

"पंधरा मिनिटांसाठी डच व्हा की."

"ते आपल्या हातात नसतं. बाप थांबायचा तेवढं थांबायचं." मग आवाज थोडा बदलला. "आणि तुला सांगतो, आम्ही इकडे आलो तेव्हा यांच्या धर्मपीठानं फर्मान काढलं, १९६२ ची गोष्ट. बेने इस्राएल म्हणवणाऱ्यांचं लग्न लावायच्या आधी त्यांच्या आईची, आजीची, तिच्या आईची चौकशी करा, खरंच ज्यू होत्या काय. अरे आम्ही कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावानं आम्हाला शनिवार तेली नाव दिलं, पिढ्यानपिढ्या! गावाला पटलं होतं, यांना नाय पटलं. १९६४ साली सगळीकडून लोक इथे जेरुसलेमला आले, धरणं धरली. मी बापाचा हात धरून होतो. मग संसदेनं ठराव केला की हे पण ज्यूच, सगळ्या बाबतीत. आणि आता मी यांच्यासमोर," त्यांनी हनुवटीनं पबच्या दारातल्या माशगियाखकडे दाखवलं, "पंधरा मिनिटं आधी खाऊ?"

यावर काय बोलणार. आम्ही चौघंही घड्याळ बघत बसलो. ऑफिसचे लोक टॅक्सीनं निघून गेले. हिरव्या केसांची पोरगी सिगरेट ओढायला बाहेर आली, तिनं विचारलं काय चाललंय, तिला कुणीतरी सांगितलं, तीही थांबली.

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना जावयानं दुकानातून चमचा आणून दिला. प्लॅस्टिकचा, नवा, सीलबंद. आजोबांनी सील फोडलं. आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"एक विचारायचं राहिलं."

"आता काय काका?"

"नैवेद्य दाखवला होता काय?"

मी "नाही" म्हणू शकलो असतो. पाच मिनिटांत सगळं आटोपलं असतं, आजोबांनी खाल्लं असतं, मी झोपायला गेलो असतो. पण ते ज्या तऱ्हेनं बघत होते त्यावर मी म्हटलं, माहीत नाही.

"दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाय. बाकी सगळ्यातून वाट निघते, यातून नाय निघत. फोन लाव."

रात्री साडेदहाला मी वहिनींना फोन लावला. स्पीकरवर, आजोबांचा आग्रह.

"वहिनी, एक विचारायचं होतं, ते श्रीखंड... नैवेद्य दाखवलेलं होतं का?"

"म्हणजे काय?" वहिनींचा आवाज असा चढला की भिंतीवरची दोन मांजरं उठली. "पाडव्याचं श्रीखंड मी नैवेद्य न दाखवता तुला वाढलं असेल? काय समजतोस काय? परदेशात राहतो म्हणून सगळं सोडलं का आम्ही?"

"नाही नाही, तसं नाही..."

"आणि आत्ता का विचारतोयस? कुठे आहेस तू? गाणी कसली वाजतायत?"

"बाजारात. म्हणजे ते डिनर होतं ना, पबमध्ये..."

"पबमध्ये श्रीखंड नेलंस? मटणाच्या हॉटेलात? नैवेद्याचं?"

"आत नेलं नाही वहिनी, बाहेरच ठेवलं होतं."

"बाहेर कुठे?"

नेमकं एक मांजर ओरडलं.

आता परिस्थिती बघा. माझ्या श्रीखंडानं यांचं मांस बाटतं म्हणून ते आत नेता आलं नाही. आणि यांच्या मांसानं वहिनींचं श्रीखंड बाटलं म्हणून ते जवळ नेलं हाच गुन्हा. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम, आणि मध्ये एक हमाल, ज्याला दोन्ही पदार्थ मनापासून आवडतात आणि ज्याला कुणी काही विचारत नाही.

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाई, शलोम. मी बोलतो."

"कोण बोलतंय?"

"मी अलिबागकडचा. पोराचं काय ऐकू नका. आमच्या शेजारी काकू होत्या ना, त्या सणाला काही केलं की नैवेद्याच्या आधी आमची वाटी बाजूला काढून ठेवायच्या. झाकून. ही इस्राएलांची, म्हणायच्या. मग देवाला. आई आमची निर्धास्त घ्यायची. म्हणून विचारलं, आधी वाटी काढली होती काय."

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग वहिनींचा आवाज एकदम साखरेत घोळलेला. "अय्या, अलिबागला कुठे? माझं आजोळ रेवदंड्याचं!"

झालं. त्यानंतर माझ्या फोनवरून, माझ्या रोमिंगवर, पुष्कळ वेळ रेवदंडा, चौल, कुठली शाळा, कुठला डॉक्टर, कुणाची वाडी, नारळाचे भाव. आजोबांनी मलिदा कसा करतात ते सांगितलं, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावानं. वहिनींनी पोहे इथे जाड मिळतात का पातळ ते विचारलं. मध्ये माझा विषय निघाला तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरगा जरा वेंधळाच दिसतो," आणि वहिनी म्हणाल्या, "हो ना, पहिल्यापासूनच." स्पीकरवर. हिरव्या केसांच्या पोरीला मराठी येत नाही, तरी ती हसली.

मोरोक्कोच्या आजोबांनी मला विचारलं, हा खातोय की नाही? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मग मी इतका वेळ कशाला बसलो, आणि उठून गेले.

श्रीखंड मी त्या रात्री हॉटेलच्या खोलीत उभ्याउभ्या खाल्लं, जावयानं दिलेल्याच चमच्यानं. सकाळी उरलेलं नाश्त्याला खाली न्यावं म्हटलं, कारण नाश्ता इथे सगळा दुधाचा असतो, चीजचे प्रकार मोजता येत नाहीत इतके, म्हणजे आता तरी अडचण नसावी. तर बाहेरचं अन्न डायनिंग हॉलमध्ये आणायचं नाही, अशी पाटी. मी वाद घातला नाही. पिटा खिशात घालून वर आलो. पिटाबरोबर श्रीखंड बरं लागत नाही. पिटा गरम असेल तर चालवून घेता येतं.

आणि प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्या दोघांनी परस्पर ठरवलंय की वहिनी परत श्रीखंड करणार, नवी चाळणी आणून, आणि आधी वाटी काढून ठेवणार. वाटी म्हणजे वाटी नाही, काचेची बरणी, कारण काच काही शोषून घेत नाही म्हणून आजोबांना तीच हवीय. ती फ्रेंच हिलहून बाजारात पोचवायचं काम माझं. शुक्रवारी, पण दुपारच्या आत, कारण शब्बाथ, म्हणजे यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो आणि त्याआधी बाजार बंद होतो. वाटेत कुठेही थांबायचं नाही, झाकण उघडायचं नाही, बरणी परत आणायची. आजोबा त्या दिवशी सकाळपासून मांस खाणार नाहीयेत, जावयालाही तसं बजावून ठेवलंय. मला त्यातलं किती मिळणार, यावर दोघांपैकी कुणीही काही बोललेलं नाही.